रोमन शिशाच्या आडोशाला न्यूट्रिनोचा शोध

सुमारे २,००० वर्षांपूर्वी इटलीच्या सार्डिनिया बेटाजवळ शिशाच्या लगडी नेणारे एक रोमन जहाज बुडाले. त्यातले काही शिसे वितळवून आज ग्रान सास्सो डोंगराखालच्या ‘क्युओरे’ या प्रयोगाभोवती आवरण म्हणून वापरले आहे. ताज्या शिशात किरणोत्सारी शिसे-२१० असते. ते दर २२ वर्षांनी निम्मे होते, त्यामुळे जुन्या शिशातून ते केव्हाच संपले. इतकी खबरदारी घ्यावी लागते, कारण इथे शोध आहे तो कमालीच्या दुर्मीळ घटनेचा.

न्यूट्रिनो या सूक्ष्म कणाला वस्तुमान आहे, हे जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगातून १९९८ मध्ये दिसले. पण ते किती, हे अजून कळलेले नाही. टेल्युरियम-१३० च्या अणुकेंद्रात क्वचित दोन न्यूट्रॉनांचे एकदमच प्रोटॉन होतात आणि दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण असू शकेल, अशी कल्पना एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये मांडली. ती खरी असेल, तर कधीतरी फक्त इलेक्ट्रॉनच बाहेर पडतील आणि सगळी ऊर्जा त्यांनाच मिळेल. न्यूट्रिनोचे वस्तुमान जितके जास्त, तितका असा ऱ्हास अधिक वेळा घडेल. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त का, या कोड्याचा धागाही त्यातून मिळू शकतो.

क्युओरेमध्ये टेल्युरियम डायऑक्साइडचे ९८८ स्फटिक आहेत. एकूण वजन ७४२ किलो. ते निरपेक्ष शून्याहून जेमतेम अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानाला ठेवलेले असतात. एका अणुकेंद्राचा ऱ्हास झाला, तरी स्फटिक किंचित तापतो आणि त्याची नोंद होते. वरचा सुमारे १,४०० मीटरचा खडक वैश्विक किरणांना अडवतो.

हा ऱ्हास अद्याप सापडलेला नाही. त्याचे अर्धायुष्य २ वर २५ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. एवढी वर्षे कोण थांबणार? त्याची गरज नसते. स्फटिकांत टेल्युरियम-१३० चे अणू जवळपास १ वर २७ शून्ये इतके आहेत. अर्धायुष्य त्याहून कमी असते, तर वर्षाला काही डझन घटना घडल्या असत्या. म्हणजे काही न सापडणे हेही उत्तरच. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल, तर या ऱ्हासाला कारण ठरणारे त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही कथिल-१२४ मध्ये असाच ऱ्हास शोधण्यासाठी अतिशीत उपकरणांवर काम झाले आहे. अशी एकच घटना निर्विवाद सापडली, तरी पदार्थविज्ञानाची पाठ्यपुस्तके नव्याने लिहावी लागतील.