यादीत नाव आहे, पण दिसत नाही – असं का होतं?



गेल्या हंगामात नोव्हेंबर महिन्यात एक सभासद गट ऑफिसात आले. त्यांची लावण आडसाली, जुलैची. ऊस सोळा महिन्यांचा झालेला, तुरा बाहेर पडलेला. "साहेब, शेजारचा फड संपला, टोळी बांध ओलांडून पुढं गेली. माझी पाळी कुठं अडकली?" नोंदीची पावती त्यांच्या हातात होती. क्लार्कनं संगणकावरची यादी वरून खालपर्यंत सरकवून पाहिली, नाव दिसलं नाही. मी पावतीवरचा नोंद क्रमांक घातला, तर नोंद जागच्या जागी! मग यादीत का दिसली नाही? तुरा आलेला ऊस जितका उभा राहील तितका पोकळ पडतो, वजनात मार खातो. म्हणून ही गोष्ट नुसती ऑफिसची नाही, तुमच्या बिलाची आहे.

यादी तुकड्यानं का येते?

समजा, कारखान्याकडे २०,००० ऊसनोंदी आहेत. त्या सगळ्या एकदम पडद्यावर आणायच्या म्हटलं तर संगणक अडून बसतो, आणि पाहणाराही एवढ्या वाचू शकत नाही. घागरभर पाण्यासाठी कोणी पाट फोडत नाही. म्हणून लावणीच्या तारखेप्रमाणे पहिल्या ५० नोंदी येतात. यादी खाली सरकवली की पुढच्या ५० येतात. पद्धत चांगली आहे, पण त्यात एक खोच आहे.

पहिल्या ५० नोंदी पाहत असताना त्यातल्या दोन फडांची तोड पुरी झाली आणि त्या नोंदी यादीतून निघाल्या. आता ५१ व ५२ नंबरच्या नोंदी वर सरकून ४९ आणि ५० झाल्या. इकडे क्लार्कनं यादी सरकवली, संगणकानं "५१ पासून पुढे" दिलं. म्हणजे मधल्या दोन नोंदी कुणालाच दिसल्या नाहीत! आपल्या सभासदाचं नेमकं हेच झालं.

यावर उपाय सोपा आहे. "५१ पासून पुढे" असं न मागता "शेवटी दिसलेल्या नोंदीच्या पुढे" असं मागायचं. मग वरच्या कितीही नोंदी निघाल्या तरी खालचं कुणी सुटत नाही. मात्र एकाच तारखेच्या लावणी पुष्कळ असतात. त्यांच्यात आधी कोण, नंतर कोण हे पक्कं नसेल तर "पुढे" या शब्दाला अर्थच उरत नाही. म्हणून आता तारीख सारखी असेल तर नोंद क्रमांकाप्रमाणे क्रम लागतो.

शोध कसा लागतो?

नोंद क्रमांकाची सूची लावलेली असते. संगणक ती मधोमध उघडतो. हवा तो नंबर पुढे असेल तर मागची निम्मी सूची सोडून देतो, मग उरलेल्याचं पुन्हा मधोमध. असं निम्मं-निम्मं करत २०,००० नोंदींतून फार तर १५ वेळा पाहून तो नंबर गाठतो.

नावाचं तसं नाही. नाव पहिल्या अक्षरापासून सांगितलं तर सूची उपयोगी पडते. पण "नावात कुठंतरी पाटील आहे" एवढंच सांगितलं तर २०,००० नोंदी एकेक चाळाव्या लागतात, आणि पाटील तर गावोगाव! शिवाय आपण पाटील आणि पाटिल एकच समजतो, संगणक दोन समजतो. दत्तात्रय आणि दत्तात्रेय ही त्याच्या लेखी वेगळी माणसं. म्हणून यादीच्या प्रत्येक ओळीत नावाबरोबर गाव, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लावणीची तारीख दिसली पाहिजे. नाहीतर एकाच नावाच्या दोघांत एकाची तोडचिठ्ठी दुसऱ्याला जायची.

आणखी एक. लाईन मंद असली की पडदा थोडा वेळ कोरा राहतो, आणि घाईत "नोंद नाही" असं उत्तर दिलं जातं. आता "शोध चालू आहे" आणि "नोंद सापडली नाही" हे दोन्ही वेगवेगळे दिसतात, आणि एकूण किती नोंदी सापडल्या तेही वर येतं.

सभासदांनी काय करावं?

१) ऑफिसात येताना नोंदीची पावती आणावी, निदान नोंद क्रमांक लिहून आणावा.
२) पावती मिळताच नाव, गट नंबर, क्षेत्र आणि लावणीची तारीख तपासावी. चूक असल्यास तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी. तोडीच्या वेळी घाई होते.
३) नाव दरवर्षी एकाच पद्धतीनं, सातबारावर आहे तसं नोंदवावं.
४) "नोंद नाही" एवढ्यावर परत जाऊ नये. क्रमांकानं पुन्हा शोधायला सांगावं. तो तुमचा हक्क आहे.

त्या सभासदांचा ऊस दुसऱ्याच दिवशी टोळी लावून तोडला. पण तोवर झालेली घट काही भरून आली नाही. चूक त्यांची नव्हती, आमच्या यादीची होती. यादी सुधारली आहे. तरी पावती जपून ठेवावी, ही सर्वांना नम्र विनंती.

– ऊस विकास अधिकारी