युवा फुटबॉलपटूंचे जागतिक पुरस्कार : निवडीचे निकष आणि भारताचे अंतर

नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव करून १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जिंकला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ स्पेनच्या विकी लोपेझला देण्यात आला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी पॅरिसमध्ये महिलांसाठी प्रथमच देण्यात आलेली ‘कोपा ट्रॉफी’ही तिनेच पटकावली.

महाराष्ट्राच्या भूमीवर गौरवली गेलेली खेळाडू तीन वर्षांत जागतिक पातळीवर सर्वोत्तम युवा फुटबॉलपटू ठरली. मात्र या पुरस्कारांच्या मानकऱ्यांत अद्याप एकही भारतीय नाव नाही. त्यामागील कारणे पुरस्कारांच्या स्वरूपातच शोधावी लागतात.

दोन प्रकारचे पुरस्कार

युवा खेळाडूंसाठीचे आंतरराष्ट्रीय पुरस्कार प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात वर्षभरातील कामगिरी पाहिली जाते. इटलीतील तुरीन येथील ‘तुत्तोस्पोर्त’ या क्रीडा दैनिकाने २००३ मध्ये ‘गोल्डन बॉय’ पुरस्कार सुरू केला. युरोपातील देशांच्या सर्वोच्च साखळीत खेळणारे २१ वर्षांखालील खेळाडूच त्यास पात्र असतात आणि विजेत्याची निवड युरोपातील क्रीडा पत्रकार मतदानाने करतात. पहिला मान नेदरलँड्सच्या राफाएल व्हॅन डर व्हार्ट याला मिळाला. २००५ मध्ये लिओनेल मेस्सी आणि २०१७ मध्ये किलियन एमबापे विजेते ठरले. ‘फ्रान्स फुटबॉल’ नियतकालिकाने २०१८ पासून कोपा ट्रॉफी सुरू केली. फ्रान्सचे विख्यात खेळाडू रेमंड कोपा यांचे नाव तिला देण्यात आले आहे.

दुसऱ्या प्रकारचे पुरस्कार एखाद्या स्पर्धेपुरते असतात. १७ वर्षांखालील विश्वचषकातील गोल्डन बॉल हा त्यांपैकी प्रमुख होय. येथे खेळाडू कोणत्या खंडात वा कोणत्या क्लबकडून खेळतो, यास महत्त्व नसते. त्याचा देश स्पर्धेत असला म्हणजे पुरे.

या पुरस्कारांत वयाची अट कळीची ठरते. काही महिन्यांचा फरकही शारीरिक क्षमतेत मोठी तफावत निर्माण करू शकतो. त्यामुळे मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात फिफाने २००९ पासून मनगटाच्या एमआरआय तपासणीचा अवलंब केला. हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची पट्टी पूर्णपणे जुळून आली असल्यास खेळाडू वयोमर्यादेबाहेरचा असण्याची दाट शक्यता असते.

पुरस्कार म्हणजे हमी नव्हे

सेस्क फॅब्रिगास याने २००३ चा गोल्डन बॉल मिळवला आणि २००६ मध्ये तो ‘गोल्डन बॉय’ ठरला. २००७ चा मानकरी टोनी क्रूस २०१४ मध्ये जर्मनीच्या विश्वविजेत्या संघात होता. याउलट मेक्सिकोच्या हुलिओ गोमेझने २०११ च्या उपांत्य सामन्यात डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत जर्मनीविरुद्ध निर्णायक गोल केला, गोल्डन बॉलही मिळवला. परंतु वरिष्ठ विश्वचषकात तो कधीही खेळला नाही.

भारताचे अंतर

१७ वर्षांखालील विश्वचषकात २०१७ मध्ये मुलांचा आणि २०२२ मध्ये मुलींचा भारतीय संघ खेळला. दोन्ही वेळा हे स्थान यजमान या नात्याने मिळाले. २०१७ मध्ये भारताने तिन्ही सामने गमावले. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा भारताचा एकमेव गोल ठरला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. २०२२ मध्ये मुलींच्या संघाने तीन सामन्यांत सोळा गोल स्वीकारले. भारताला एकही गोल करता आला नाही.

या निकालांचा दोष केवळ मुलामुलींवर टाकणे अन्यायाचे ठरेल. नेरूळला येण्यापूर्वीच, वयाच्या पंधराव्या वर्षी, लोपेझ ‘माद्रिद सीएफएफ’ संघातून स्पेनच्या महिलांच्या सर्वोच्च साखळीत खेळली होती. तिच्यासमोर उभ्या ठाकलेल्या अडचणी तिने प्रौढ खेळाडूंविरुद्ध आधीच अनुभवल्या होत्या. असा सराव शिबिरांतून मिळत नाही. तो नियमित आणि चुरशीच्या सामन्यांतूनच मिळतो.

महाराष्ट्रात खेळाची आवड नाही, असेही नाही. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना प्रेक्षकांची दाटी होते. मात्र प्रेक्षकांचा उत्साह आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना वर्षभर मिळणारे स्पर्धात्मक सामने या भिन्न गोष्टी आहेत.

‘गोल्डन बॉय’च्या यादीत येण्यासाठी आधी युरोपातील सर्वोच्च साखळीत स्थान मिळवावे लागेल. तुलनेने जवळचा मार्ग वयोगटाच्या विश्वचषकातून जातो आणि त्याचे दार आशियाई पात्रता स्पर्धेत उघडते. यजमानपद दर वेळी मिळत नाही. पात्रता मात्र दर वेळी मैदानावर मिळवता येते.