जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपची थरथर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये इंजिनापासून चाकापर्यंत फिरणाऱ्या भागांची साखळी साध्या मोटारीपेक्षा बरीच लांब असते. गिअरबॉक्सनंतर ट्रान्सफर केस येते. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाउसिंगकडे जातो आणि दुसरा पुढच्या. या शाफ्टच्या टोकांना क्रॉसचे जॉइंट असतात, लांब शाफ्ट दोन तुकड्यांत असेल तर मधे सेंटर बेअरिंग असते, त्यापुढे क्राउन-पिनियन, ॲक्सल आणि शेवटी चाके. बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांपैकी बऱ्याच आता वयाने मोठ्या झाल्या आहेत, आणि त्या थरथरू लागल्या की अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याची पद्धत रूढ आहे. मालकाचा खर्च वाढतो आणि थरथर तशीच राहते. थरथरीमागे मात्र एक हिशेब असतो. तो आधी मांडला, तर पाना हातात घेण्यापूर्वीच संशय दोन-तीन भागांवर येऊन थांबतो.

गाडी हलते म्हणजे चाकांचे बॅलन्सिंग बिघडले, हा सर्वांत पसरलेला समज. अनेकदा तो खरा ठरतो, पण थरथरीचा वेग न पाहता तसे ठरवता येत नाही. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर वेगात असे चाक सेकंदाला साधारण १० फेरे घेते. हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.१ धरले तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४० फेरे घेत असतो. म्हणून चाकाची थरथर हाताला एकेक हिसका जाणवावा इतकी संथ असते, तर शाफ्टची थरथर सीटमध्ये आणि पायाखालच्या पत्र्यात बारीक गुणगुणीसारखी भरते. मोबाइलमधल्या संवेदकावर चालणारी कंपन मोजण्याची ॲप्स १० आणि ४० यांतला फरक दाखवू शकतात. आकडे पाहणे मात्र शेजारी बसलेल्या माणसाचे काम. चाकांवर संशय असेल तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे टाकून पाहावे. स्टिअरिंगमधली थरथर सीटकडे सरकली, तर दोष चाकात किंवा टायरमध्येच आहे. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला वाळून घट्ट बसलेला चिखलही एवढा त्रास देऊ शकतो. बॅलन्सिंगचे पैसे भरण्याआधी चाके धुऊन घ्यावीत.

थरथर ठरावीक वेगालाच येते, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही, असेही मानले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. पाच गिअरच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वरच्या उदाहरणात दोघेही मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर असतील. त्यातून चार सिलिंडरचे इंजिन दर फेऱ्याला दोन स्फोट करते आणि चुकीच्या कोनात बसलेला क्रॉसही दर फेऱ्याला दोन हिसके देतो. चौथ्या गिअरमध्ये या दोघांना वेगळे ओळखणे जवळजवळ अशक्य. उपाय सोपा आहे : रस्त्यावरचा वेग तोच ठेवून गिअर बदलायचा. तिसऱ्यात आणि पाचव्यातही थरथर तशीच राहिली, तर दोष ट्रान्सफर केसच्या पुढे, शाफ्ट ते चाक या टप्प्यात शोधावा. गिअरबरोबर थरथर बदलली किंवा गेली, तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि त्यांची माउंटिंग यांच्याकडे वळावे. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये त्याच फेऱ्यांवर इंजिन चालवले की या निष्कर्षाला आणखी एक पुरावा मिळतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून पाहण्याची चाचणीही उपयोगी आहे, पण इंजिन चालू ठेवूनच. इंजिन बंद केले की ब्रेकची आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. घाटात ही चाचणी कधीही करू नये.

शाफ्ट हाताने हलवून पाहिला, प्ले नाही, म्हणून क्रॉस ठीक आहे, हा निर्वाळा गॅरेजमध्ये रोज दिला जातो. झिजलेल्या क्रॉसला प्ले असतो हे खरे, पण जाम झालेल्या क्रॉसला तो मुळीच नसतो. ग्रीस संपून सुई-बेअरिंग गंजले की जॉइंट एका दिशेने अडखळत वळतो, शाफ्ट मधोमध फिरत नाही आणि गाडी थरथरते. कपाभोवती तांबूस भुकटी दिसणे ही त्याची ओळखीची खूण. खात्री करायची तर शाफ्ट उतरवून जॉइंट दोन्ही अक्षांवर हाताने वळवून पाहावा. तो कुठेही न अडता सारखा फिरला पाहिजे. उतरवण्याआधी फ्लँजवर आणि स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर खुणा करणे अत्यावश्यक आहे. सरकता तुकडा एखादा दाता सोडून बसला, तर शाफ्टच्या दोन टोकांचे, क्रॉस धरणारे योक एका प्रतलात राहत नाहीत आणि नवा कोरा क्रॉस घालूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. शाफ्टला पोचा पडला असेल किंवा बॅलन्सिंगचा वेल्ड केलेला तुकडा गळला असेल, तर मात्र त्याला मशिनवर पाठवण्यावाचून गत्यंतर नाही.

योकच्या या मांडणीमागचे कारण कळले, की पुढचा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा दोषही समजतो. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरताना वेग समान ठेवत नाही. एका बाजूचा शाफ्ट एकसारखा फिरत असला, तरी दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि २० अंशांत सुमारे ६ टक्के. म्हणजे कोन दुप्पट झाला की त्रास चौपट. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि योक एका प्रतलात असतील, तर एका जॉइंटचा चढउतार दुसरा रद्द करतो.

गाडी उंच केल्याने फक्त सस्पेन्शन बदलते, ही समजूत इथे महागात पडते. जास्त माल भरण्यासाठी मागे एक पाटा वाढवला, की रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते, शाफ्ट अधिक तिरका होतो आणि पाट्यांवर बसलेल्या हाउसिंगचा कल बदलला असेल तर दोन टोकांचे कोन जुळतही नाहीत. अशी पिकअप रिकामी असताना थरथरते आणि माल भरल्यावर शांत होते. माल भरल्यावर थरथर थांबते हे मालकाला माहीत असते, पण मेकॅनिक ते विचारत नाही, आणि निदानाचा सर्वांत मोलाचा धागा तिथेच सुटतो. कोनमापक लावून ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज असे तीन कोन मोजायला फार वेळ लागत नाही. फरक निघाला तर पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून पिनियनचा कल सुधारता येतो. कोन शून्य करणे हाही उपाय नव्हे : जॉइंट थोडासा तरी वळत राहिला नाही, तर त्याच्या सुया एकाच जागी दाबल्या जाऊन तिथे खाचा पडतात.

टू-व्हीलमध्ये चालवताना पुढचा शाफ्ट निर्दोष धरला जातो. ज्या गाडीत पुढच्या चाकांना सुटणारे हब नाहीत, किंवा जाम होऊन जोडलेलेच राहिले आहेत, तिथे चाके पुढचा ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट सतत फिरवत असतात. त्या शाफ्टचा क्रॉस कोरडा असेल, तर लिव्हर टू-व्हीलला असूनही गाडी थरथरणार. पुढचा शाफ्ट पूर्ण उतरवून टू-व्हीलमध्ये फेरी मारणे ही इथली निर्णायक चाचणी. एक टोक लटकते ठेवून गाडी चालवणे धोक्याचे आहे. काही ट्रान्सफर केसमध्ये शाफ्ट काढल्यावर तेल वाहते, तेही आधी पाहून घ्यावे.

याच्या उलट चूक फोर-व्हील घातल्यावर होते. कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळली, हिसके देऊ लागली, की ट्रान्सफर केस खराब ठरवली जाते. या पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसते. दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. वळणावर पुढची चाके मोठ्या कमानीतून जातात, त्यांना जास्त फेरे हवे असतात, आणि तो फरक टायर घसरल्याशिवाय निघत नाही. चिखलात, वाळूत तो आपोआप निघतो, डांबरावर साखळीत ताण साठत जातो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हेच घडते. नक्षीच्या खोलीत ५ मिलिमीटरचा फरक असेल, तर परिघात ३ सेंटिमीटर आणि किलोमीटरमागे, निव्वळ हिशेबाने, १३ मीटरपर्यंत फरक पडतो. दोष टायरच्या जोडीत असतो आणि खोलली जाते ट्रान्सफर केस.

जागेवरून निघताना येणाऱ्या थरथरीचे खापर क्लचवर फुटते. क्लच पेडल पूर्ण सुटताच ती थांबली तर संशय रास्त आहे. पेडल सुटल्यावरही काही वेळ राहिली, तर सेंटर बेअरिंगचे फाटलेले रबर किंवा जोर पडताच पाटे पिळून वर उचलली जाणारी पिनियनची बाजू तपासावी. पिनियनचे बेअरिंग गेले असेल तर थरथरीपेक्षा घुरघुर अधिक येते, आणि ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना तिचा सूर बदलतो.

थरथरीसारख्याच वाटणाऱ्या दोन तक्रारी मात्र या साखळीबाहेरच्या आहेत. अखंड पुढच्या ॲक्सलच्या गाडीत खड्डा बसताच स्टिअरिंग जोरात डावे-उजवे फडफडू लागते, ते किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडचे एंड किंवा पॅनहार्ड रॉड सैल झाल्यामुळे. स्टिअरिंगचा डँपर बदलला की ते फक्त काही दिवस झाकले जाते. आणि केवळ ब्रेक दाबल्यावर येणारा हिसका वाकड्या डिस्कचा किंवा अंडाकृती झालेल्या ड्रमचा असतो.