कामाची वाटणी झाली, हिशेबाची कधी?

आमच्या वस्त्यावस्त्यांतून आज घरबसल्या वेबसाईट तयार करून देणारे तरुण दिसू लागले आहेत. कोणी बी.सी.ए. झालेला, कोणी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, तर कोणी बारावीनंतर एखादा कोर्स करून बाकी सारे इंटरनेटवरच शिकलेला. सरकारी नोकरभरती आटली, जिथे भरती होते तिथे कंत्राटीकरण आले आणि खासगी कंपन्यांत तर आरक्षणच नाही. अशा परिस्थितीत कोणाच्या दारात उभे न राहता या मुलांनी स्वतःचा धंदा उभा केला, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांना फ्रीलान्सर म्हणतात. परंतु हा धंदा आता अशा ठिकाणी येऊन ठेपला आहे की तेथे एकट्याने निभाव लागणे कठीण आहे. आणि एकत्र यायचे तर कसे यायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

एकेकाळी एकटा माणूस पुरत असे. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेतून पहिली वेबसाईट जगासाठी खुली केली. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळात एच.टी.एम.एल. येणारा मुलगा पाने लिहायचा, त्यात चित्रे टाकायचा आणि सर्व्हरवरही तोच चढवायचा. त्याला वेबमास्टर म्हणत. पुढे पानाची सजावट वेगळी लिहिण्याची पद्धत आली, जावास्क्रिप्ट आले, डेटाबेस आले. २००७ नंतर स्मार्टफोन हातोहाती गेला आणि तेच पान लहान पडद्यावरही नीट दिसले पाहिजे अशी गरज निर्माण झाली. आज एखाद्या साध्या कापड दुकानाची वेबसाईट घेतली, तरी रूप ठरवणारा डिझायनर, ते पडद्यावर उतरवणारा, मागची नोंदवही म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, ऑनलाईन पैसे घेण्याची सोय करणारा, सर्व्हर व सुरक्षा पाहणारा आणि शेवटी सारे तपासून चुका काढणारा अशी निदान सहा प्रकारची कामे तिच्यात दडलेली असतात.

तरीही आमचा मुलगा क्लायंटला सांगतो, "मी सगळे करतो." हे तो हौसेने सांगत नाही. काम हातचे जाईल या भीतीने सांगतो. मग दिवसा डिझाईन, रात्री कोड आणि पहाटे सर्व्हर बंद पडला म्हणून क्लायंटचा फोन. सहा कामे करूनही भाव मात्र एकाच कामाचा मिळतो, कारण कोणत्याच कामात त्याचे नाव झालेले नसते. त्यात २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून चार-पाच पानांची साधी वेबसाईट दुकानदाराचा भाचाही घरी बसून तयार करू लागला आहे. थोडे-थोडे सगळे येणाऱ्याची बाजारपेठ आणखी आटत जाणार, हे उघड आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे सगळी कामे करून पाहावीत, असेच आम्हीही म्हणू. त्याशिवाय आपला हात कशात चांगला आहे हे कळत नाही. पण त्यानंतर एक विषय धरला पाहिजे.

विषय कोणता, असा प्रश्न मुले विचारतात. आम्ही तंत्रज्ञ नाही, पण कायद्याच्या बाजूने एक दिशा दाखवू शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व दृष्टी गमावलेल्या व्यक्तींना बँकेची ऑनलाईन ओळख-पडताळणी करता येत नव्हती, त्यावरून हे प्रकरण उभे राहिले होते. अंध माणसाचा संगणक पान वाचून दाखवू शकेल, हात थरथरणाऱ्याला माऊसशिवाय अर्ज भरता येईल, अशा वेबसाईट करणे हे आता पूर्णवेळ विशेषज्ञाचे काम आहे. मराठी मजकुराचेही तसेच आहे. जोडाक्षरे तुटतात, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या उड्या मारतात. हे नीट करून देणारा माणूस शोधायला गेले तर लवकर सापडत नाही. जिथे नाडलेल्या माणसाची अडचण आहे तिथे काम आहे, आणि ती अडचण आमच्या मुलाला इतरांपेक्षा लवकर समजते, असा आमचा अनुभव आहे.

पण विशेषज्ञ झालेला मुलगा एकटा पुरी वेबसाईट देऊ शकत नाही. त्याला इतरांची गरज लागते. म्हणजे संघ आला, आणि खरी गाठ इथेच आहे.

श्रमविभागणीचे गोडवे अर्थशास्त्राने पुष्कळ गायिले आहेत. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण दिले. दहा माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला ४८ हजार टाचण्या करतात, एकेकट्याने केल्या तर माणशी वीसही होणार नाहीत. मात्र त्याच ग्रंथात पुढे, जन्मभर एकच साधी क्रिया करणाऱ्या माणसाची बुद्धी गंजते, असा इशाराही त्याने दिला आहे. तो सहसा कोणी सांगत नाही. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात, श्रमविभागणीच्या नावाखाली जातीचे समर्थन करणाऱ्यांना निरुत्तर केले. जातीत काम विभागले जात नाही तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात व एकावर एक रचली जातात, हे त्यांनी दाखवून दिले.

ही कसोटी वेबसाईट करणाऱ्या संघाला लावून पाहा. चार मुले एकत्र येतात. कामे कौशल्याप्रमाणे वाटली जातात, इथपर्यंत ठीक आहे. पण क्लायंटशी बोलतो कोण? ज्याचे इंग्रजी अस्खलित, ज्याचे काका-मामा व्यापारी मंडळात, ज्याचे आडनाव ऐकून समोरचा भुवया उंचावत नाही, तो. दर तोच ठरवतो, पैसे त्याच्याच खात्यावर येतात, कामाच्या ऑनलाईन बाजारात मिळणारे तारे आणि शिफारशी त्याच्याच नावावर जमा होतात. मागे बसून कोड लिहिणाऱ्याचे नावही क्लायंटला ठाऊक नसते. दोन वर्षांत पहिला 'कंपनीचा मालक' होतो आणि बाकीचे पानावारी मजुरी घेणारे कारागीर. यात कोणी कट रचलेला असतोच असे नाही. नुसत्या सवयीनेही हे घडते.

अशा एका प्रकरणात दोन तरुण आमच्याकडे आले होते. तिघांनी मिळून दीड वर्ष काम केले. एकाने डिझाईन, दुसऱ्याने प्रोग्रामिंग आणि तिसऱ्याने क्लायंट आणणे असे काम वाटून घेतले होते. एका खासगी क्लासचे मोठे काम पूर्ण झाल्यावर दोघांनी हिशेब मागितला, तेव्हा तिसरा म्हणाला, भागीदारी कसली? मी तुम्हाला कामाचे पैसे दिलेत. कागद एकही नव्हता. होते ते फक्त व्हॉट्सॲपवरचे संदेश, त्यातही निम्मे 'ओके भावा' एवढेच. त्याहून वाईट बाब अशी की दीड वर्षाची सारी रक्कम तिसऱ्याच्या बँक खात्यावर आणि त्याच्याच पॅन क्रमांकावर दिसत होती. या दोघांच्या विवरणपत्रात उत्पन्नच नव्हते. त्यातल्या एकाला लॅपटॉपसाठीचे कर्जही बँकेने त्यामुळेच नाकारले होते. शेवटी तडजोड झाली, पण त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम हाती आली.

कायदा काय सांगतो ते पाहू. भारतीय भागीदारी कायदा १९३२ नुसार नफा वाटून घेण्याच्या कराराने, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने एकाने चालवलेला धंदा म्हणजे भागीदारी. ती तोंडीही होऊ शकते. वाटा ठरलेला नसेल तर कलम १३ प्रमाणे सर्वांचा वाटा समान. म्हणजे क्लायंट आणणाऱ्याला जास्त, असा नियम कायद्यात नाही. त्याच वेळी कलम २५ प्रमाणे भागीदारीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकेकटा व सर्व मिळून जबाबदार असतो. एकाच्या चुकीने क्लायंटचा डेटा गेला तर भरपाई तिघांकडूनही मागता येते. आणि कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारापोटी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, की भागीदाराला कराराचा हक्क म्हणून दुसऱ्या भागीदारावर. फक्त भागीदारी विसर्जित करून हिशेब मागण्याची वाट उरते. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने तीही बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, म्हणून आज ती खुली आहे. परंतु हिशेबासाठी आधी घर मोडावे लागते, ही काही सोय नव्हे. ज्यांना वैयक्तिक मालमत्तेची जोखीम नको, त्यांच्यासाठी २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारीचा मार्ग दिला आहे. दोन माणसे असली तरी ती करता येते.

दुसरी गोष्ट कोडच्या मालकीची. कॉपीराईट कायदा १९५७ मध्ये संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीतच मोडतात. नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेला प्रोग्राम मालकाचा. पण फ्रीलान्सर नोकर नसतो. विरुद्ध करार नसेल तर त्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणजे वरच्या प्रकरणातील प्रोग्रामरच्या सहीशिवाय तिसऱ्याने क्लायंटला 'सगळे हक्क तुमचे' असे लिहून देणे पोकळच होते. आमच्या मुलांना हे ठाऊक नसते. ज्याने गिटसारखी नोंद ठेवणारी प्रणाली वापरली असेल, त्याच्याकडे कोणत्या तारखेला कोणी कोणती ओळ लिहिली याची वही आपोआप तयार असते. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ती न्यायालयापुढे ठेवता येते. अट एवढीच की प्रत्येकाने स्वतःच्या नावाने काम नोंदवले पाहिजे. एकाच्याच लॉगिनवर चौघांनी काम करणे म्हणजे आपल्याच हाताने आपला पुरावा पुसणे होय.

तिसरी गोष्ट थकबाकीची. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. करारात काहीही लिहिले तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती विनामूल्य आहे आणि काम घेण्यापूर्वीच केलेली असावी. मागाहून केलेली नोंदणी जुन्या थकबाकीच्या कामी येत नाही.

येथे आपल्याच संस्था-मंडळांविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे. 'समाजाचे काम आहे' म्हणून याच मुलांकडून फुकटात वेबसाईट करून घेतल्या जातात. मंडपवाल्याला पैसे मिळतात, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळतात, वेबसाईटवाल्या पोराला शाल मिळते. वर्षभराने डोमेनचे पैसे कोणी भरत नाही आणि ती वेबसाईट बंद पडते. काम विनामूल्य करायचे की नाही हे त्या मुलाने ठरवावे, समितीने नव्हे.

संघ किती मोठा असावा? फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे की उशीर झालेल्या कामावर जास्त माणसे लावली तर ते आणखी लांबते. कारण सोपे आहे. तिघांत बोलण्याचे दुवे तीन, पाच जणांत दहा आणि दहा जणांत पंचेचाळीस. सुरुवातीला तिघे-चौघे पुरेत. भागीदारीपत्रात नफ्याच्या वाट्याबरोबरच, पैसे संयुक्त खात्यावर येतील आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या खात्यावर बँकेमार्फत जाईल, हे लिहावे. म्हणजे प्रत्येकाचे उत्पन्न कागदावर दिसेल. क्लायंटच्या बैठकीला दोघे जातील आणि दुसरा माणूस दरवेळी बदलेल, हेही लिहावे. पहिल्या बैठकीत मागच्या खोलीतला मुलगा कदाचित तोंड उघडणार नाही. पण सर्व्हरविषयी प्रश्न निघाला की उत्तर त्यालाच द्यावे लागेल. डोमेन क्लायंटच्या नावावर असावे, सर्व्हरचे पासवर्ड दोघांकडे असावेत, आणि कोणी संघ सोडला तर त्याने किती दिवसांत काय हवाली करायचे व त्याला किती दिवसांत काय द्यायचे, हे आकड्यात लिहावे. मुदत न ठरलेली भागीदारी कोणीही भागीदार इतर सर्वांना लेखी नोटीस देऊन संपवू शकतो, असे कलम ४३ सांगते. हे कलम मसुदा करतानाच सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सह्या घ्याव्यात.