बोअरच्या पाण्यात साबण का फेसाळत नाही?

साबण म्हणजे तेल-चरबीतल्या मेदाम्लांचा सोडियम क्षार. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच्या रेणूच्या कार्बॉक्झिलेट टोकाशी जुळतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा, पांढरे कपडे मळकट करणारा थर तो हाच. ते कॅल्शियम संपेपर्यंत साबण नुसता झिजतो, फेस येत नाही.

डिटर्जंटच्या टोकाला सल्फोनेट किंवा सल्फेट गट असतो. त्याचे कॅल्शियम क्षार साबणाच्या मानाने बरेच विरघळतात, म्हणून जड पाण्यातही कपडे स्वच्छ निघतात. मात्र १९५०च्या दशकातल्या डिटर्जंटची कार्बन साखळी फांद्यांची होती. जिवाणूंना ती सहज तोडता येईना आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे थर साचले. १९६०च्या दशकात उत्पादक सरळ साखळीकडे वळले. ती जिवाणू पचवतात.