वर्गातला रोजेदार

दुपारचे अडीच. सातवीच्या वर्गात गणिताचा तास सुरू आहे. मधल्या बाकावरची मुलगी डोके टेकून बसली आहे, ओठ सुकले आहेत. बाईंच्या ते लक्षात येते. ‘पाणी पी’ म्हणावे, तर रोजा मोडायला लावला असे होईल. गप्प राहावे, तर मूल चक्कर येऊन पडेल. मुलगीही बोलत नाही. मैत्रिणींत कमीपणा येईल, ही तिची भीती. रमजानमध्ये असा अवघड प्रसंग कितीतरी शाळांत येतो. घर आणि शाळा आधीच एकमेकांशी बोलले, तर तो टळू शकतो.

चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा आधी येतो. गेली काही वर्षे तो दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आला आहे. या काळात आपल्याकडे रोजा साधारण 13 तासांचा असतो आणि अन्नाबरोबर पाणीही वर्ज्य असते.

शरीयतनुसार रोजा फर्ज होतो तो वयात आल्यावर. लहान मुलांवर तो बंधनकारक नाही. आजारी व्यक्तीला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. प्रकृतीला अपाय होत असेल, तर रोजा सोडण्याचीही मुभा आहे. म्हणून भोवळ आलेल्या मुलाला पाणी देणारे शिक्षक कोणाच्या श्रद्धेला धक्का लावत नाहीत. पालकांनी शाळेला हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले, तर शिक्षकांचे अर्धे ओझे उतरेल.

पाच-सहा वर्षांच्या चिमुकल्यांच्या पहिल्या रोजाचे फोटो या दिवसांत वर्तमानपत्रांत झळकतात. हार, नवे कपडे, कौतुक. हा आनंद घराघरातला आहे. मात्र कौतुकाची स्पर्धा झाली, की लेकरू त्रास होत असूनही सांगत नाही. लहानांनी दुपारपर्यंतचा ‘चिडी रोजा’ धरावा, ही जुन्या माणसांची रीत शहाणपणाची होती.

शाळेला फार मोठे काही करायचे नाही. रोजेदार मुलांना कवायतीच्या तासाला उन्हात पळवू नये, सावलीतले काम द्यावे. पोषण आहाराच्या वेळी त्यांना वाचनालयात बसायची सोय असावी. किशोरवयीन मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोह आणि फॉलिक अॅसिडची निळी गोळी रिकाम्या पोटी द्यायची नसते. रोजेदार मुलीला ती इफ्तारनंतर, जेवण झाल्यावर घेता येते. मात्र तसे पालकांना कळवायला हवे. मधुमेह असलेल्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. ‘आज तुझा रोजा नाही?’ हा प्रश्न वर्गात कोणी विचारू नये. मासिक पाळीत रोजा ठेवायचा नसतो, ते रोजे नंतर पूर्ण केले जातात. चारचौघांत उत्तर देताना मुलीची काय अवस्था होते, ते तिलाच ठाऊक.

घराची जबाबदारीही तितकीच. तरावीहनंतर मोबाइल आणि पहाटे सहरी, यात झोपेचा बळी जातो. या वयात 8 ते 10 तासांची झोप लागते. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवावा आणि दुपारी शाळेतून आल्यावर थोडी विश्रांती द्यावी. सहरीला भाकरी, डाळ, अंडे, दही, दूध असे टिकणारे अन्न असावे. लोणचे-पापडाने तहान वाढते. इफ्तारला खजूर, पाणी, फळे आधी, भजी बेताने. इफ्तार ते सहरी पाणी थोडे-थोडे पीत राहावे.

शाळेतले स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली सगळ्या धर्मांच्या असतात. रमजान महिनाभरात संपतो. हा बिननियतीचा उपवास मात्र वर्षभर चालतो. रोजेदार मुलीच्या सुकलेल्या ओठांकडे ज्या काळजीने बाईंनी पाहिले, त्याच काळजीने शाळेने आपल्या नळाकडे आणि स्वच्छतागृहाच्या दाराकडेही पाहावे.