ह्युमस बाटलीत मिळत नाही

कृषी सेवा केंद्रात ‘ह्युमिक’ या नावाने मिळणारा काळा द्राव बहुतेक शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. ठिबकमधून सोडला की जमिनीचा पोत सुधारतो, असे सांगितले जाते. पण या द्रावाचे मातीतल्या ह्युमसशी नाते किती?

१७८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ आखार्ड यांनी पीटवर, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींवर, अल्कलीची प्रक्रिया केली. गडद द्राव निघाला. त्यात आम्ल मिसळल्यावर काळसर साका तळाशी बसला. पुढे हीच पद्धत रूढ झाली. आम्लात खाली बसते ते ह्युमिक आम्ल, विरघळलेले राहते ते फुल्विक आम्ल आणि अल्कलीतही न विरघळणारे ते ह्युमिन. म्हणजे ही नावे विद्राव्यतेवरून पडली. त्यातले कोणतेही एकच एक रसायन नाही.

हे पदार्थ मातीत तयार कसे होतात, यावर अनेक तर्क झाले. काष्ठातले चिवट लिग्निन आणि सूक्ष्मजीवांची प्रथिने जोडली जातात, असे सेल्मन वॅक्समन यांचे मत होते. स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चे नोबेल मिळालेले ते हेच. साखर आणि अमिनो आम्लांच्या ज्या क्रियेने भाजलेला पाव तपकिरी होतो, त्याच क्रियेने ह्युमस बनतो, हा दुसरा तर्क. दोन्हींचा गाभा एकच होता : लहान तुकडे जोडले जाऊन मोठे, काळे, सहज न कुजणारे रेणू बनतात.

२०१५ मध्ये योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’मध्ये या समजुतीलाच आव्हान दिले. अल्कलीचा सामू १३ च्या आसपास असतो; शेतातली माती तिथवर जात नाही. मातीचे आहे त्या स्थितीत निरीक्षण केले, तर असे महाकाय रेणू वेगळे सापडत नाहीत. दिसतात ते वनस्पतींचे आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांचे, कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे अवशेष. हा वाद अजून मिटलेला नाही, मात्र संशोधनाचा कल बदलला आहे.

मग हे अवशेष वर्षानुवर्षे टिकतात कसे? ते चिकणमातीच्या कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडांना चिकटतात किंवा मातीच्या रवाळ ढेकळांत अडकतात. तिथे जिवाणूंचा आणि हवेचा शिरकाव अवघड असतो. त्यांच्यावरचे कार्बोक्सिल गट ऋणभारित होऊन कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश आणि अमोनियम धरून ठेवतात. ही अन्नद्रव्ये मग मुळांना मिळतात. वारंवार नांगरट केली की ढेकळे फुटतात, लपलेले अवशेष उघडे पडतात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. उष्ण हवामानात हा वेग आणखी वाढतो.

इथे हिशेब महत्त्वाचा ठरतो. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर तिथे २,००० किलो कर्ब, म्हणजे जवळपास साडेतीन टन सेंद्रिय पदार्थ टिकून राहायला हवा. घातलेल्यातला बराचसा सूक्ष्मजीव खाऊन संपवतात, म्हणून प्रत्यक्षात याच्या काही पट घालावा लागतो. काही लिटर द्रावाने ही भर पडणे शक्य नाही.

बाजारातला हा द्राव बहुधा लिओनार्डाइट किंवा लिग्नाइट या कोळशासारख्या खनिजांपासून अल्कली वापरूनच काढतात. २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात ह्युमिक आणि फुल्विक आम्लांची गणना जैव उत्तेजकांत होते. मुळांच्या वाढीला त्यांची मदत होऊ शकते, पण परिणाम पीक आणि जमिनीनुसार बदलतो. ते सेंद्रिय खताची जागा घेत नाहीत.

माती काळी आहे म्हणून कर्ब भरपूर, हाही गैरसमजच. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी आला तर तो सर्वसाधारणपणे कमी धरतात, आणि काळ्या जमिनीतही असे आकडे येतात. त्यावर उपाय जुनेच आहेत : शेणखत, ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत, कमी नांगरट आणि उसाचे पाचट न जाळता शेतातच कुजवणे. पाचटात नत्र कमी असल्याने त्यावर थोडा युरिया टाकतात. तो कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या कामी येतो. आणि हे एकदा करून भागत नाही. कुजणे अखंड चालते, तसा पुरवठाही दरवर्षी लागतो.